गंजावर उतारा

दि. २ डिसेंबर २०२४, सोमवार. सायंकाळ.

आजपासून रोजनिशी लिहिण्यास आरंभ करीत आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. परंतु ती जुनी चौथी होती, आणि तीत शुद्धलेखन चुकल्यास हातावर छडी बसत असे. छडीचे फळ या अक्षरात दिसेलच. ही वही अन्य कोणी वाचू नये. वाचल्यास हात मोडीन.

विषय असा की, माझी नात चि. ओवी, इयत्ता सहावी, हिला सिकलसेल नावाचा रक्तविकार आहे. रक्तातील तांबड्या पेशी वास्तविक गोल असावयाच्या. तिच्या अंगात त्या वाकून विळ्यासारख्या होतात, नसांमध्ये अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखविले. चित्रातील विळा अगदीच सुमार होता. मी सारा जन्म ऐरणीवर विळे आणि कोयत्या घडविण्यात घालविला आहे. असला वेडावाकडा माल मी पुन्हा भट्टीत टाकीत असे, हे मी तेथल्या तेथे सांगितले. बाई म्हणाल्या, “तात्या, माणसाला भट्टीत टाकता येत नाही.” हे मला ठाऊक आहे.

नंतर आहाराच्या बाई भेटल्या. नाव सुनेत्रा. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. त्या म्हणाल्या, “या आजारात शरीराला आतून गंज चढल्यासारखं होतं, तात्या. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, शेंगदाणे यांच्यातली जीवनसत्त्वं त्या गंजाशी थोडंफार भांडतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पण त्यानं आजार जात नाही हं. कॅप्सूल रोजची रोज घ्यायची. आणि मुख्य म्हणजे...”

मुख्य काय ते मी ऐकले नाही. गंज म्हटल्यावर मला शिकविण्यासारखे कोणापाशी काही उरत नाही.

घरी येताच स्वयंपाकघरात पाहतो तो सर्व पातेली ॲल्युमिनियमची. घरात रक्ताचे दुखणे, आणि अन्न असल्या मिळमिळीत धातूत शिजते! घण आणला आणि एकेक पातेले सपाट केले. शेवटच्यात भात होता, हे घाव घातल्यावर कळले. आमची सौ. यमुनाबाई म्हणाली, “जल्लं मेलं तुमचं डोस्कं! आता रात्रीचं काय माझ्या कपाळावर शिजवू?” सौ.चा स्वभाव तापट आहे.

संकल्प: क्रोध संपूर्ण वर्ज्य. घण पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

दि. ५ डिसेंबर, गुरुवार.

घण माळ्यावरून काढला. कामासाठी, क्रोधासाठी नव्हे.

बऱ्याच वर्षांनी भट्टी पेटविली. जाड पत्र्याची कढई ठोकली. अशी कढई बाजारात मिळत नाही. मिळाल्यास दुकानदार खोटे बोलत आहे. ठोकताना छाती भरून आली. ओवी उंबरठ्यावर बसून पाहत होती. ठिणग्या उडाल्या की टाळ्या वाजवी. म्हणाली, “आबा, तुम्ही लय डेंजर आहात.” हे विधान योग्य आहे.

सूनबाईने रंगाचा बेरंग केला. हिचे नाव दर्शना. शाळेत शिकविते. माझा मुलगा रितेश, जो सांप्रत अंजनवेलला फिटर असून आठवड्यातून एकदा घरी येतो, तो पूर्वी नोकरीसाठी चंद्रपूरकडे गेला होता आणि येताना हिला घेऊन आला. मला ‘मामाजी’ म्हणते. म्हणाली, “मामाजी, डॉक्टरांनी लोहाचं काही द्यायचं नाही म्हटलं होतं ना? तिला दोनदा रक्त चढवलंय. तिच्या अंगात लोह आधीच साचून राहते. काहून ऐकत नाही तुम्ही?”

अंगात लोखंड साचणे ही लोहाराच्या नातीसाठी तक्रार कशी होऊ शकते, हे मला समजत नाही. तरीही शांत राहिलो. फक्त सांडशी भिंतीवर फेकली. भिंत आमचीच आहे. घण पुन्हा माळ्यावर ठेवला.

दि. ८ डिसेंबर, रविवार.

आवळा पाहिजे. झाड शेजारी भास्करच्या कुंपणात आहे. भास्कर माझ्याच वयाचा. कचेरीतून निवृत्त, कलमांची बाग आणि दारात मोटार आहे, म्हणून मोबाइलवर वाचतो आणि वाचलेले सर्वांना सांगतो. मी सौजन्याने आवळे मागितले. तो म्हणाला, “ने की. पण केरू, मी वाचलं रे, हा आजार दोन्हीकडनं यावा लागतो म्हणे. आईकडनं पण नि बापाकडनं पण. म्हणजे तुमच्याकडं पण कोणाच्या तरी रक्तात...”

त्याला वाक्य पूर्ण करू देणे माझ्या घराण्याच्या दृष्टीने अशक्य होते. मी त्याची कॉलर धरली. त्याने माझा कान धरला. त्या स्थितीत आम्ही आवळ्याच्या बुंध्याभोवती पुष्कळ वेळ फिरलो. त्याने मला ढोपराने मारले, मी त्याला डोक्याने. शेवटी दोघेही फांदीवर पडलो आणि फांदी मोडली.

आवळे भरपूर मिळाले. एकंदरीत दिवस यशस्वी.

रोग चंद्रपूरकडचा आहे. हे मी रोगाचे नाव ऐकण्यापूर्वीपासून म्हणत आलो आहे. रितेशच्या रक्ताचा रिपोर्ट दवाखान्याने ‘वाहक’ असा दिला होता, तो चुकीचा आहे. मुलगा तेथे राहिला, तेथले पाणी प्यायला. एवढेच.

दि. १३ डिसेंबर, शुक्रवार.

योजना पूर्ण झाली. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारल्यास उत्तर तयार असेल.

लोखंडाची कांब लाल होईपर्यंत तापवावी. ती पाण्यात विझवावी. पाणी ‘चर्र’ असे ओरडते. त्या वेळी लोखंडाचे सत्त्व पाण्यात उतरते. माझी आजी बाळंतिणींना हे पाणी देत असे आणि त्या बाळंतिणी पुढे नवऱ्यांना उचलून आपटीत. त्यात आवळ्याचा रस. लोखंडाने रक्त, आवळ्याने गंजाचा नाश. सुनेत्राबाईंना केवळ अर्धे कळले होते. अर्धे मी भरून काढले.

ओवीला सकाळी एक पेला. तिने वास घेतला. म्हणाली, “आबा, मी हे ओटीवर जाऊन पिऊ? तिथं हवा असते.” मुलीला स्वच्छ हवेची जाण आहे. रिकामा पेला आणून दिला.

मी स्वतःही एक पेला घेतो. आजोबांनी पुढे राहिले पाहिजे. पोट दगडासारखे झाले आहे. हे बळाचे लक्षण.

दि. १९ डिसेंबर, गुरुवार.

ओवीला या महिन्यात एकदाही दुखले नाही. सूनबाई म्हणते, कॅप्सूलचा गुण. मी केवळ हसलो. ती म्हणाली, “हसू नका मामाजी, भीती वाटते.”

ओटीजवळची जास्वंद यंदा विलक्षण फुलली आहे. कारण कळत नाही.

सायंकाळी डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. मी त्यांना स्पष्ट विचारले की, हा विकार केवळ आईकडून येतो, हे लिहून द्याल काय? त्या म्हणाल्या, “नाही तात्या. दोघांकडून यावा लागतो. रितेशला तो त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून मिळालेला असणार.”

आईकडून! हा प्रकाश इतकी वर्षे कोणी पाडला नव्हता. सौ.चे माहेर चिपळूणचे. त्या घराण्यातील पुरुष दुपारी झोपतात. रक्त पातळ असल्याशिवाय असे होत नाही. घरी येताच सौ.ला ही वार्ता दिली. ती त्या वेळी आमटी ढवळीत होती.

पळी कपाळावर बसली. टाके घालावे लागले.

पळी मीच घडविलेली आहे. भार उत्तम, दांडा सरळ, फेकल्यावर हवेत वळत नाही. हल्ली असे काम होत नाही.

संकल्प: सासुरवाडीचा विषय स्वयंपाकघरात काढावयाचा नाही.

दि. २२ डिसेंबर, रविवार.

वानर आले. परसातला पेरू ओवीसाठी राखलेला आहे. पेरूत गंजनाशक जीवनसत्त्व लिंबाहून अधिक असते, असे सुनेत्राबाई म्हणाल्या होत्या. मोठा हुप्प्या फांदीवर बसून माझ्याकडे बघत बघत ते जीवनसत्त्व खात होता. मी प्रथम समजावून सांगितले. त्याने अर्धा पेरू माझ्या टाळूवर मारला.

हातोडा फेकला. नेम अचूक होता. वानराने जागा बदलली. हातोडा भास्करच्या छपरावरील सोलरच्या काचेवर पडला.

भास्कर काठी घेऊन आला. मी लोखंडी पाटी घेऊन उभा राहिलो. रितेश सुटीवर घरी होता, तो मध्ये शिरला. दोघांचेही फटके त्यालाच बसले. तो म्हणाला, “बाबा, तुमचं वय काय, तुम्ही करता काय!” वडिलांच्या वयाचा उल्लेख मुलाने करू नये. त्याला एक चापट दिली. भास्करने त्याच क्षणी, “बापाला उलट बोलतोस?” म्हणून दुसरी दिली. भास्कर वाईट माणूस नाही.

हे सर्व ओवी पाहत होती. हसून हसून खाली बसली. मग दर्शना बाहेर आली. ती ओरडली नाही. मंद आवाजात म्हणाली, “मामाजी, या घरात रोज कुणी तरी कुणाला तरी मारते. ते मी सहन करते. पण माझ्या लेकीवर तुमचा एक जरी प्रयोग झाला आणि तिला दुखलं, तर मी तिला घेऊन चंद्रपूरला माझ्या आईकडं जाईन. परत आणणार नाही.”

मी म्हणालो, खुशाल जा. ती आत गेल्यावर ओवीचे दप्तर खुंटीवर आहे की नाही ते पाहिले. होते.

दि. २७ डिसेंबर, शुक्रवार.

दर्शना शाळेच्या प्रशिक्षणासाठी चिपळूणला गेली. उद्या रात्री येईल. जाताना सौ.ला बजावून गेली: कॅप्सूल चुकवू नका, पाणी पाजत राहा, सकाळी स्वेटर घाला. मला काहीच सांगितले नाही. म्हणजे माझ्यावर विश्वास आहे.

आज एक मोठी गोष्ट सुचली. लोखंड आणि आवळा हा झाला आहार. परंतु वाकलेला विळा केवळ आहाराने सरळ होत नाही. तो तापवावा लागतो आणि एकदम गार पाण्यात बुडवावा लागतो. तेव्हा त्याला जो ताठा येतो, तो पुढे मोडत नाही. हा नियम मी ऐरणीवर आयुष्यभर पाहिला आहे. पेशी लहान आहेत, म्हणून त्यांना निराळा नियम लागू होत नाही.

प्रयोग म्हणता येणार नाही. ही आंघोळ आहे.

दि. २८ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

उत्तम पार पडले. उजाडण्यापूर्वी भट्टी पेटवून ओवीला तिच्यापुढे बसविले. घाम आला. नंतर दगडी डोणीतील पाणी, जे रात्रभर उघड्यावर होते, ते बादलीने एकदम डोक्यावरून. ती किंचाळली आणि मग हसली. म्हणाली, “आबा, ही काय शिक्षा आहे की स्पर्धा?” मी म्हणालो, स्पर्धा. म्हणाली, “मग अजून एक.” आमच्याच रक्ताची आहे.

सौ. उठून आली आणि पाहून हातातला तांब्या तिने माझ्या पाठीत घातला. पोरीला टॉवेलात गुंडाळून आत नेले. अज्ञानापुढे इलाज नाही.

त्याच दिवशी. दुपार.

ओवी म्हणते, पाय दुखतो. वाढीचे वय आहे. तेल चोळले.

त्याच दिवशी. चार वाजता.

वाढीचे नाही.

दि. २९ डिसेंबर, रविवार. दवाखाना.

काल लिहिता आले नाही. क्रमाने लिहितो.

प्रथम ती मांडी धरून बसली. मग दोन्ही मांड्या. मग पाठ. मग ती ओरडू लागली. हा आवाज मी पूर्वी ऐकलेला नाही. मागच्या दुखण्यांच्या वेळी मी बाहेर ओटीवर बसत असे आणि दर्शना दार लावून घेत असे. काल दार लावावयास कोणी नव्हते. मी जन्मभर घणाचे घाव लोखंडावर घातले. काल कोणीतरी तसेच, तालात, न थांबता, तिच्या हाडांवर घालीत होते, आणि कोण घालतो आहे ते दिसत नव्हते. दिसला असता तर मी त्याला जिवंत सोडला नसता.

तिने माझ्या हाताला चावा घेतला. रक्त आले. मी हात काढला नाही.

भास्करने न विचारताच मोटार काढली. मी मागे ओवीला मांडीवर घेऊन बसलो आणि लवकर चल म्हणून त्याच्या पाठीत गुद्दे मारीत होतो. तो म्हणाला, “केरू, मार, पण तिला धर नीट.” सौ. पुढे बसली होती. सौ. बोलत नाही, हे मी प्रथमच पाहिले.

दवाखान्यात सलाईन लावली, दुखणे मारणारे इंजेक्शन दिले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, काय झाले होते? मी आंघोळीचे सांगितले. तत्त्वही समजावू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबविले. “तात्या, थंडीनं नसा आवळतात. आवळलेल्या नसेत त्या पेशी जास्त अडकतात. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: थंडी नको, पाणी भरपूर प्यायला द्या. सुनेत्रानंही सांगितलं होतं.”

म्हणजे ‘मुख्य म्हणजे’च्या पुढे हे होते.

नंतर मी लोखंडाच्या पाण्याचेही सांगितले. ते सांगावयास नको होते. बाई उभ्याच राहिल्या. “लोह? आणि वर आवळ्याचा रस? आवळ्यातल्या सी जीवनसत्त्वानं लोह दुप्पट शोषलं जातं. हिच्या अंगात ते साचून लिव्हरवर बसतं. तुम्ही तिला मारायला निघाला होतात का?” ताबडतोब रक्तातील लोह तपासावयास पाठविले.

तो निकाल येईपर्यंत मी जिन्यात उभा होतो. भिंतीवर हात मारला. भिंत त्यांची होती. हात सुजला आहे.

लोह वाढलेले नाही. होते तेवढेच आहे. मला कळेना. ओवीने डोळे अर्धवट उघडले. म्हणाली, “आबा, सॉरी. मी ते रोज जास्वंदीला घालत होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.”

बरे झाले, असे लिहितो. त्यापुढे काही लिहीत नाही.

दि. ३१ डिसेंबर, मंगळवार.

ओवीला बरे आहे. अजून दवाखान्यातच. सौ. तिच्यापाशी.

दर्शना काल आणि परवा माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी कपडे नेण्यासाठी घरी आली, माळ्यावर चढली आणि घण काढला. मला वाटले माझ्यासाठी. मी डोके पुढे केले नाही, मात्र मागेही घेतले नाही. ती माझ्या बाजूने गेली आणि भट्टीवर तुटून पडली. भाता फोडला. डोणीचा काठ उडविला. कढई ठोकून ठोकून आतली बाहेर केली. केस सुटले होते. प्रत्येक घावाला एक शब्द उच्चारीत होती. काही शब्द चंद्रपूरकडचे असावेत. मला समजले नाहीत, पण अर्थ पोचला.

घण धरण्याची तिची पद्धत अशास्त्रीय आहे. मूठ फार वर धरते. परंतु घाव जागेवर पडत होते. रितेशला हे कधी जमले नाही.

शेवटी ती धापा टाकीत ऐरणीवर बसली. म्हणाली, “आम्ही चाललो, मामाजी. ओवीला सोडलं की गाडी पकडते.”

काय उत्तर द्यावे? एक उत्तम उत्तर सुचले. म्हणालो, मी सर्व घराची रक्ततपासणी करून घेतो. सौ.ची आणि माझी. दोष कोणाचा ते कागदावर सिद्ध होऊ दे. सिद्ध झाले की घरात भांडणच राहणार नाही, आणि जाण्याचे कारणही राहणार नाही. ती म्हणाली, “तुम्हाले अजूनही तेच सुचते?”

तरीही थांबते म्हणाली. रिपोर्टसाठी नव्हे, ओवीला एवढ्यात लांबचा प्रवास झेपणार नाही म्हणून.

माझा रिपोर्ट फ्रेम करून दारावर लावावयाचा. भास्करच्या बाजूने.

दि. ३ जानेवारी २०२५, शुक्रवार.

रक्त दिले. आधी सौ.ने. तिने सुईकडे पाहिलेसुद्धा नाही. शेजारणीला मासळीचा भाव विचारीत होती. त्यानंतर मी. रक्त काढणारी मुलगी दिशा नावाची. म्हणाली, “आजोबा, मूठ आवळा.” मूठ आवळणे मला नवे नाही. सुई आत जाण्याच्या क्षणी मला तेथील फरशीचे काम पाहावेसे वाटले, म्हणून मी खाली बसलो. अधिक बारकाईने पाहण्यासाठी आडवा झालो. फरशी ठीक आहे. माझ्या तोंडावर पाणी का मारण्यात आले ते माहीत नाही.

सौ. म्हणाली, “लोखान वितळलं वाटतं.” सर्वजण हसले. मी कोणालाही मारले नाही. कारण उठता येत नव्हते.

ओवीला आज घरी सोडले. दर्शनाने खुंटीवरील दप्तर काढून पिशवीत भरले आहे. पिशवी दारामागे आहे.

दि. ९ जानेवारी, गुरुवार.

रिपोर्ट आले.

यमुनाबाई: निर्दोष.

पुढचे मी डॉक्टरीणबाईंना दोनदा वाचावयास लावले. त्या म्हणाल्या, “तात्या, वाहक तुम्ही आहात. यात दोष वगैरे काही नाही. तुम्हाला स्वतःला आयुष्यात काही त्रास झाला नाही, होणारही नाही. रितेशला तुमच्याकडून आला, दर्शनाला तिच्या घरून आला, ओवीत दोन्ही एकत्र आले. कुणी मुद्दाम दिला नाही.”

मी म्हणालो, बाटली बदलली असेल. त्या म्हणाल्या, पुन्हा काढू या का रक्त? मी फरशीकडे पाहिले. नको म्हणालो.

सौ. शेजारी उभी होती. मला वाटले, आता बोलेल. कपाळावरची टाक्यांची खूण चुरचुरली. माझ्या सदऱ्याची वर राहिलेली कॉलर तिने खाली केली.

तेव्हा मला अतिशय राग आला. इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. ज्याने माझ्या नातीच्या अंगात हे विळे घडविले, त्याला शोधून ठेचावयाचे, म्हणून मी महिनाभर घर, शेजार, वानर, कोणालाही सोडले नव्हते. आता तो सापडला होता. मारण्यासाठी हात वर उचलला. कोणावर टाकावा ते ठरेना. हात वरच राहिला.

दिशा तेथून जात होती. थांबली. म्हणाली, “आजोबा, काही विचारायचंय का?”

चौथीत गुरुजींनी असे विचारले की काहीतरी विचारावेच लागे. मी म्हणालो, होय. मुलीला दिवसाकाठी पाणी किती पाजावे?

तिने सुनेत्राबाईंना बोलाविले. त्या पहिल्यापासून सर्व पुन्हा सांगू लागल्या. ‘मुख्य म्हणजे’ आले तेव्हा मी त्यांना थांबवून जवळ सरकलो, कारण डाव्या कानाने, जो भास्करने धरला होता, हल्ली कमी ऐकू येते.

दि. १४ जानेवारी, मंगळवार.

संक्रांत. सौ.ने तिळाचे लाडू केले. तिळातही ई नावाचे गंजनाशक जीवनसत्त्व असते. मी हे कोणाला सांगितले नाही. माहीत असून न सांगणे प्रथमच केले. छातीत दडपल्यासारखे होते.

भास्करकडे लाडू घेऊन गेलो. फुटलेल्या काचेवर त्याने प्लास्टिक बांधले आहे. त्याने रिपोर्टविषयी विचारले नाही. त्याला कळलेले आहे, हे त्याच्या न विचारण्यावरून दिसले. एक मारावीशी वाटली. लाडू दिला.

दारामागील पिशवी तेथेच आहे. दप्तर मात्र आज सकाळी खुंटीवर दिसले. दर्शनानेच मला बोलावून अटी सांगितल्या: स्वयंपाकात ढवळाढवळ नाही, औषधात नाही, आंघोळीत तर नाहीच नाही. पेरू कापून द्यावा. आणि ओवीची पाण्याची बाटली दिवसभर भरती ठेवावी. एवढेच. “जमेल का, मामाजी?”

म्हणजे घरातील पाण्याचा संपूर्ण विभाग माझ्या हाती आला आहे. जबाबदारीचे काम आहे. अशी माणसे सहज मिळत नाहीत.

दुपारी बाटली भरून ओटीवर नेली. ओवी जास्वंदीखाली अभ्यास करीत बसली होती. म्हणाली, “आबा, आई म्हणाली, तुमच्यात पण आहे थोडंसं. माझ्यासारखं.”

मी म्हणालो, अगदी थोडे.

ती म्हणाली, “मग तुम्ही पण प्या.”

मी एक घोट घेतला. तिने बाटली घेतली, हात लावून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

“गार आहे. कोमट करून आणा.”

कोमट करून आणले.